तेराव्यानंतरचे दिवस

जवळचं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी भाड्याच्या सतरंज्या परत जातात, चपलांचा ढीग ओसरतो. आमच्याकडे येणारी पत्रं बहुतेक त्यानंतरच लिहिलेली असतात. पुण्याहून आलेल्या अशा सहा पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : आई दीड महिन्यापूर्वी गेली. भावाला आठच दिवसांची रजा होती, म्हणून दहावं-तेरावं सगळं तिसऱ्या दिवशीच उरकलं. तेव्हापासून मी बँक, सोसायटी आणि महापालिका यांच्या चकरा मारते आहे. एकदाही रडू आलेलं नाही. मावशी म्हणते, आईचा जीव अडकला असेल. मी कोरडी आहे का? (कोथरूड)

नाही. कागदपत्रं ज्याच्या गळ्यात पडतात त्याचं रडू मागे राहतं, एवढंच. ते येतं तेव्हा भलत्याच वेळी येतं: मंडईत घेवडा निवडताना, किंवा बँकेतला शेवटचा फॉर्म भरून झाल्यावर रिक्षात.

‘आधी नकार, मग राग, मग घासाघीस, मग नैराश्य, शेवटी स्वीकार’ अशी शिडी तुम्हाला कुणी सांगितली असेल तर ती बाजूला ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते पाच टप्पे मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले, आणि मग ‘मला अजून राग कसा आला नाही’ अशी नवीच काळजी लोकांना लागली. शोकाचा अभ्यास करणारे मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं आम्हाला जास्त पटतं. माणूस दोन काठांमध्ये येरझाऱ्या घालतो, असं ते सांगतात. एका काठावर गेलेल्याची आठवण आणि ओढ, दुसऱ्यावर वीजबिल, नोकरी, स्वयंपाक. दोन्हीकडे जाणं-येणं चालू असेल तर ठीक. एकाच काठावर मुक्काम पडला की बिघडतं. तुमचा मुक्काम सध्या कागदांच्या काठावर आहे.

म्हणून कागदांना आठवड्याचे दोन दिवस द्या, रोज नको. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून एका फाइलीत ठेवा, म्हणजे दर खेपेला महापालिकेची पायरी चढावी लागणार नाही. भावाशी एक गोष्ट आत्ताच बोलून घ्या: बँकेतला नॉमिनी हा पैशाचा मालक नसतो. तो पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा विश्वस्त असतो. हे माहीत नसल्यामुळे बहीण-भावांत जे बिनसतं ते पुढे दुःखाच्या नावाखाली वर्षानुवर्षं चालतं.

उरलेल्या दिवसांतल्या दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास आईसाठी राखा. तिची पाककृतींची वही, चष्मा, एखादी साडी, काहीतरी एकच वस्तू हातात घ्या. फोन बंद, तीस मिनिटांचा गजर लावलेला. गजर यासाठी, की ‘एकदा सुरू झालं तर थांबणारच नाही’ ही भीती मोठी असते आणि ती भीतीच रडू अडवते. गजर झाला की तोंड धुवा, खाली जाऊन सोसायटीला दोन फेऱ्या मारा. रडू आलं नाही तरी तो अर्धा तास फुकट गेला असं समजू नका. फक्त हे रात्री अंथरुणात करू नका, झोप उडते आणि मग अंथरूणच नकोसं होतं.

आता मावशींचा मुद्दा. जीव अडकतो की नाही यावर आम्ही वाद घालणार नाही, पण दहाव्याला जे घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. ओंकारेश्वराच्या देवळापाशी नदीकाठी पिंड मांडलेला असतो आणि सगळे कावळ्याची वाट पाहत उभे असतात. कावळा येतो, शेजारच्या पिंडाला शिवतो, आपल्याला नाही. मग एक जण पुढे होऊन हात जोडून म्हणतो, ‘धाकटीचं शिक्षण पुरं करीन.’ दुसरा म्हणतो, ‘काकूला अंतर देणार नाही.’ चारचौघांत, मोठ्यानं. शेवटी कुणी नाहीच आलं तर दर्भाचा कावळा करून शिववतात. पण तोवर मनात राहिलेलं तोंडातून बाहेर पडलेलं असतं. तिसऱ्या दिवशी उरकताना तुमचा राहिला तो हा भाग. सुतकाचे दहा दिवसही तसेच: घरात चूल पेटवायची नाही, शेजारून पिठलं-भात येणार, कुठला व्यवहार करायचा नाही. मोडलेल्या माणसाकडून काम काढून घेण्याची ती सोय होती.

ती वेळ अजून गेलेली नाही. मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध, सर्वपित्री अमावस्या आहेतच. भटजी नको असतील तर मावशी, भाऊ व्हिडिओ कॉलवर आणि आईच्या दोन मैत्रिणी, एवढे एक तास बसा. प्रत्येकानं आईचं राहिलेलं एक काम अंगावर घ्यायचं आणि ते बोलून दाखवायचं. अस्थी थोड्या ठेवल्या असतील आणि झाड लावायचा विचार असेल तर एक खबरदारी घ्या. राख खारट आणि अल्कधर्मी असते. खड्ड्यात सगळी ओतली तर रोप जळतं, आणि आईच्या नावाचं झाड मेलं की घर पुन्हा कोसळतं. मूठभर राखेला दोन-तीन घमेली माती आणि शेणखत, असं मिसळून घाला.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला आम्ही ‘आजी झोपलीय, देवाघरी गेली’ असं सांगितलं आणि दोन दिवस शेजारी ठेवलं. महिना झाला. ती रात्री दिवा बंद करू देत नाही आणि ‘आजी उठली का?’ विचारते. (सदाशिव पेठ)

मुलगी तर्काला धरूनच वागते आहे. आजी झोपली आणि परत आली नाही, मग आपण झोपलो तर? पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण परत फिरवता येईल असं वाटतं. पाच ते सातच्या दरम्यान ‘परत येत नाही’, ‘सगळेच कधीतरी मरतात’, ‘शरीर काम करायचं थांबतं’ या गोष्टी हळूहळू उमगतात. तुमची मुलगी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे आपण वापरलेला प्रत्येक शब्द ती शब्दशः घेते.

दुपारच्या वेळी, ती चित्र काढत असताना शेजारी बसून सांगा: ‘आम्ही तुला चुकीचं सांगितलं. आजी झोपली नव्हती, आजी मेली. तिचं हृदय बंद पडलं. आता तिला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही. ती परत येणार नाही. झोपणं वेगळं. झोपलेलं माणूस श्वास घेतं आणि सकाळी उठतं.’ ‘मेली’ हा शब्द मोठ्यांनाच टोचतो, मुलांना तो सोपा जातो. देवाघराबद्दल तुमची श्रद्धा असेल तर ती नंतर सांगा, या वाक्यांच्या जागी नको. नाहीतर पोरगं देवाघरची बस विचारतं, आणि आजीला नेणाऱ्या देवावर रागावून बसतं.

मुलांच्या पोटात तीन प्रश्न असतात, विचारोत न विचारोत: माझ्यामुळे झालं का? तुम्ही पण मराल का? मग माझं कोण करणार? पहिल्याला स्पष्ट ‘नाही’. दुसऱ्याला ‘आम्ही कधीच मरणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘आम्ही खूप वर्षं जगू असं आम्हाला वाटतं’ एवढं पुरे. तिसऱ्याला माणसांची नावं सांगा: आत्या, मामा, आजोबा.

ती पाच मिनिटं रडून लगेच लपंडाव खेळायला पळाली तर दुखवटा विसरली असं समजू नका. मुलं दुःख घोट-घोट घेतात. अंथरूण ओलं होणं, शाळेच्या वेळी पोट दुखणं काही आठवडे चालेल. वर्गशिक्षिकेला मात्र कळवून ठेवा. दोन-तीन महिन्यांनीही झोप, खाणं, शाळा सुधारत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून मुलांच्या समुपदेशकाकडे न्या.

पुढे कधी असा प्रसंग आलाच तर मुलांना वैकुंठ स्मशानभूमीत नेऊ नये असा काही नियम नाही. त्यांची इच्छा असेल तर न्या, पण तिथे काय काय दिसेल ते घरीच सांगा. आणि घाबरलं तर लगेच बाहेर घेऊन जाईल असं एक मोठं माणूस फक्त मुलासाठी ठेवा. ते माणूस मुख्य शोकाकुलांपैकी नको.

प्रश्न : विसाव्या आठवड्यात आमचं बाळ गेलं. बायको सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आठवड्यात कामावर जाते म्हणते. घरचे ‘होईल पुन्हा’ म्हणतात. मी तिला कसं समजावू? (हडपसर)

समजावू नका. आधी शरीराचं बघा, कारण ते कुणी सांगत नाही. विसाव्या आठवड्यानंतर दूध येऊ शकतं, साधारण दोन ते पाच दिवसांत. बाळ नाही आणि छाती भरून येते, हा धक्का अनेकींना दवाखान्यातून घरी आल्यावर एकट्यानं सोसावा लागतो. नीट आधार देणारी ब्रा घालावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरावा. फार ठणकलं तर थोडंसंच दूध काढावं, पूर्ण काढलं की आणखी येतं. कापडाने करकचून बांधायची जुनी पद्धत टाळा, त्यानं गाठी होऊन पू धरू शकतो. ताप आला किंवा एखादा भाग लाल आणि कडक झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध थांबवायच्या गोळ्यांबद्दलही त्यांनाच विचारा.

रजेचं म्हणाल तर मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. गेल्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम झालेलं असलं की ती मिळते. ही मेहेरबानी नव्हे. दवाखान्याचा कागद जोडून अर्ज करा, आणि तो तुम्ही लिहून द्या, तिनं फक्त सही करावी. सहकाऱ्यांसाठी एकच वाक्य ठरवून टीमच्या प्रमुखाला सांगायला द्या: ‘आमचं बाळ गेलं, त्याबद्दल विचारू नका, कामाचं बोला.’ तिला हवं असेल तर उलटं: ‘विचारलंत तर चालेल.’ तिलाच ठरवू द्या.

या दुःखाची पंचाईत अशी, की त्याला कागद नाही. मृत जन्माची नोंद अठ्ठावीस आठवडे पूर्ण झाल्यावरच होते, त्याआधी दाखला नाही, आणि दहावं नाही, भेटायला येणं नाही. त्यामुळे जे काही आहे ते जपा. सोनोग्राफीचा फोटो थर्मल कागदावर असतो, तो काही वर्षांत पांढरा पडतो. आजच उजेडात त्याचा मोबाइलवर नीट फोटो काढा आणि साध्या फोटो-कागदावर छापून घ्या. मूळ कागद लॅमिनेट करायला देऊ नका. मशीनच्या उष्णतेनं तो क्षणात काळा होतो, आणि ते दुकानदाराच्या काउंटरवर पाहणं भयंकर असतं.

नाव ठरवलं असेल तर ते घरात दोघांनी वापरा. प्रसूतीची जी तारीख मिळाली होती ती कॅलेंडरवर आहेच, त्या दिवशी दोघांनी रजा टाका. आणि तुमचं काय? पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. बाप झाला होता तुम्हीही. एखादा मित्र गाठा. ‘होईल पुन्हा’ म्हणणाऱ्यांना ‘हे झालं होतं’ एवढंच सांगितलं तरी पुरतं.

प्रश्न : वडील गेले. आत्या म्हणतात, दहाव्याला आईचं मंगळसूत्र काढून बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. आई गप्प आहे. (धनकवडी)

आईला एकटीला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नको. तिला काढायचं असेल तर तिनं स्वतः, घरी, दार लावून काढावं. नसेल तर नवव्या दिवशीच आत्यांना आणि विधी करणाऱ्या गुरुजींना सांगून टाका: ‘हे होणार नाही.’ दहाव्याच्या सकाळी घाटावर वाद घातला तर हरायची शक्यता जास्त, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात आणि आईच ‘जाऊ दे’ म्हणते. आईच्या शेजारी बसायला तिची बहीण किंवा मैत्रीण आधीच ठरवा. आत्यांना दाखला हवा असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी १८९६ मध्ये आश्रम काढला तो याच शहरात. एका खेड्यानं जे केलं ते धनकवडीला जड जाऊ नये.

प्रश्न : वय ६८. पत्नीला जाऊन चौदा महिने झाले. तिच्या मोबाइलचं रिचार्ज मी अजून करतो, रात्री तिचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप ऐकतो. कपाट उघडलेलं नाही. सकाळचं फिरणं सुटलं, दुपारी जेवत नाही, झोप तीन तास. मुलगी मानसोपचारतज्ज्ञाकडे चला म्हणते. आवाज ऐकणं हा काय रोग आहे? (औंध)

आवाज ऐकणं हा रोग नाही. गेलेल्या माणसाशी नातं वेगळ्या रीतीनं चालू राहतं आणि ते राहू द्यावं. पण मुलगी बरोबर आहे, आणि ती फोनमुळे नव्हे. चौदा महिन्यांनीही जेवण, झोप आणि फिरणं परतलेलं नाही, हे बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगयादीत सहा महिन्यांनंतर, आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या नियमावलीत बारा महिन्यांनंतर, लांबलेला शोक हे वेगळं निदान मानतात. जवळपास रोज तीव्र ओढ, आपलाच एक भाग गेल्यासारखं वाटणं, ती गेल्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, जगण्यात अर्थ न वाटणं, आणि त्यामुळे रोजचं आयुष्य अडणं अशी त्याची लक्षणं. काही घरांत शोक अजून परंपरेनं वर्षभर पाळतात, हे डॉक्टरही धरून चालतात. तुम्ही ते वर्ष ओलांडलं आहे.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-१२, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात झोप आणि भूक त्यांनीही जाते. मग मानसोपचारतज्ज्ञ. शोकासाठी बेतलेले बोलण्याचे उपचार साधारण सोळा बैठकांचे असतात. गोळ्यांनी सोबतचं डिप्रेशन उतरतं, ते उतरायला काही आठवडे लागतात. ओढ गोळीनं जात नाही. शेजाऱ्याकडची झोपेची गोळी मात्र घेऊ नका: सवय लागते, आणि रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडला तर सगळंच अवघड होतं. ‘तिच्याकडे जावं’ असा विचार येत असेल तर तो मुलीला आजच सांगा, किंवा १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फिरवा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

रिचार्जचं आणखी एक. फक्त रिचार्जवर आवाज सुरक्षित नाही. नंबर काही महिने वापरात नसला तर कंपनी तो बंद करून दुसऱ्याला देते, आणि एके दिवशी तिच्या नंबरवरून भलताच माणूस बोलतो. व्हॉट्सॲप खातंही १२० दिवस न वापरल्यास सहसा पुसलं जातं. तुमच्या फोनमध्ये तिच्या संभाषणात जाऊन ‘एक्स्पोर्ट चॅट’ निवडा, ‘मीडियासह’ करा, ती फाइल मुलीला पाठवा आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. नातवंडाला सांगितलं तर दहा मिनिटांचं काम. मग रिचार्ज केलं-न केलं तुमच्या हातात राहील.

कपाटाला घाई नाही, पण सुरुवात एका कप्प्यापासून. पाऊण तास, सोबत घाई न करणारं एक माणूस. तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, ठरत नाही. तिसरा ढीग पिशवीत बांधून तारीख लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा उघडा. एक साडी न धुता झाकणाच्या डब्यात ठेवा, डांबराच्या गोळ्यांपासून लांब, म्हणजे तिचा वास राहतो. सुती साड्या चार-पाच निघाल्या तर गोधडी शिवून घ्या. सिंथेटिक नको, थर सरकतात आणि टाके उसवतात. दागिने आणि कागद मात्र पहिल्या दिवशी काढू नका, त्यात मुलंबाळं आणि वाटण्या येतात.

दुपारच्या जेवणासाठी डबा लावा, आणि तो खाली जाऊन आणावा लागेल असाच लावा. येत्या पितृपक्षात अविधवा नवमी आहे, सवाष्णपणी गेलेल्यांची ती तिथी. त्या दिवशी कपाटातली एखादी चांगली साडी तिच्या आवडत्या कुणाला तरी द्या. कुणाला, ते तिच्या आवाजी निरोपांतच सापडेल बहुधा.

प्रश्न : भेटायला जाताना काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून जाणंच टळतं. (बिबवेवाडी)

‘कळलं, वाईट वाटलं’ एवढं बोलून गप्प बसलात तरी चालतं. ‘कसं झालं?’ विचारू नका, ती हकिगत त्या घरानं त्या दिवशी वीस वेळा सांगितलेली असते. ‘सुटले बिचारे’ आणि ‘देवाची इच्छा’ हे घरच्यांनी म्हणायचं, आपण नाही. ‘काही लागलं तर सांगा’ याचा उपयोग नसतो, कुणी सांगत नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी भाजी-पोळी आणून देतो’ असं म्हणा आणि परत मागायचा नाही अशा डब्यातून द्या. वीस मिनिटं बसा. दहा दिवसांत जायला जमलं नाही म्हणून लाजू नका, दुसऱ्या महिन्यात जा. तेव्हा त्या घरी बेल वाजायची थांबलेली असते. आणि पहिल्या दिवाळीला त्यांच्याकडे फराळ होणार नाही, तर तुमच्याकडचा थोडा आधीच नेऊन द्या. चकल्या मोडणार नाहीत अशा बेतानं भरा.